मराठी हॅशटॅग तुटतो कुठे, हरवतो कुठे: पहिल्या अक्षरापासून फ्लेक्सपर्यंत

कोपरखैरण्यात रविवारी डोळे तपासणीचं शिबिर आहे. मजकूर छान लिहिलाय, फोटो लावलाय आणि खाली हॅशटॅग दिलाय: #नि:शुल्कनेत्रतपासणी. पोस्ट पडते तेव्हा स्क्रीनवर फक्त '#नि' निळं होतं, पुढचं सगळं काळंच राहतं. 'नि'पुढे विसर्ग हवा होता, पण बोटाखाली आला तो कोलन. दिसायला दोन टिंबंच, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. आता हे शिबिर '#नि' नावाच्या खणात, म्हणजे तो हॅशटॅग असलेल्या पोस्टींच्या ढिगात, पडलंय. तो खण कोण कशाला उघडेल?

ठाणे आणि नवी मुंबईतली मंडळं, सोसायट्या, घरगुती व्यवसाय करणारी मंडळी आता सर्रास मराठीत हॅशटॅग लिहितात. त्यातले बरेचसे असे मधेच तुटलेले असतात, नाहीतर अख्खे असून चुकीच्या खणात गेलेले असतात. दोष बहुतेक वेळा कल्पनेत नसून टायपिंगमध्ये आणि कामाच्या क्रमात असतो. म्हणून खालच्या पायऱ्या याच क्रमाने करा. लोक पाचवी आधी करतात आणि दुसरी करतच नाहीत.

एक गोष्ट डोक्यात पक्की ठेवा. यंत्राला हॅशटॅगचा अर्थ कळत नाही. # या चिन्हानंतर जी अक्षरं सलग येतात ती यंत्र जशीच्या तशी उचलतं आणि तेवढीच अक्षरं असलेल्या दुसऱ्या पोस्टींशी जुळवतं. एका मात्रेचा फरक म्हणजे वेगळा खण.

## सुरुवातीआधी काय जवळ हवं

फोनमधल्या नोट्समध्ये एक नवीन नोंद उघडा आणि तिला 'मूळ नोंद' म्हणा. हॅशटॅग एकदाच, इथेच लिहायचा. पुढे सगळ्यांनी इथूनच कॉपी करायचा. प्रत्येकाने आपापल्या फोनवर पुन्हा टाइप करणं हे निम्म्या गोंधळाचं मूळ आहे, कारण प्रत्येकाचा कीबोर्ड वेगळा असतो.

दुसरी गोष्ट म्हणजे तपासणीसाठी आणखी एक फोन, शक्यतो वेगळ्या कंपनीचा, आणि त्यावर वेगळं खातं. स्वतःच्या खात्यावरून शोधलं तर स्वतःची पोस्ट दिसतेच, आणि तेवढ्यावरून सगळं ठीक आहे असं वाटत राहतं.

तिसरी, खातं सार्वजनिक आहे का ते बघा. इन्स्टाग्रामवर खातं खासगी असेल तर हॅशटॅग कितीही नीट लिहा, अनोळखी माणसाला ती पोस्ट दिसणार नाही. फेसबुकवर 'फक्त मित्रांसाठी' ठेवलेल्या पोस्टचंही तेच. हॅशटॅगने कुलूप उघडत नाही.

## पायरी १: या हॅशटॅगचं काम काय, ते एका ओळीत लिहा

मूळ नोंदीत सगळ्यात वर हे वाक्य लिहा. काम साधारण चारपैकी एक असतं.

आधीच भरलेल्या खणात आपली पोस्ट टाकायची असेल, तर लोक जो शब्द वापरतात तोच घ्यावा लागतो. ठाणे खाडीत थंडी-उन्हाळ्यात येणाऱ्या गुलाबी पक्ष्यांना मराठीत रोहित म्हणतात, अग्निपंखही म्हणतात. पण नेरुळच्या तलावाकाठी कॅमेरा घेऊन उभा असलेला माणूस शोधताना 'फ्लेमिंगो'च लिहितो. तिथे शुद्ध मराठीचा आग्रह धरलात तर शब्द सुंदर राहील आणि खण रिकामा. मजकुरात रोहित लिहा, हॅशटॅगमध्ये फ्लेमिंगो.

स्वतःच्या कार्यक्रमाचे फोटो एका जागी जमवायचे असतील, तर उलट: असा शब्द घ्या जो आजवर कुणीही वापरलेला नाही. मागणी किंवा मोहीम असेल तर हॅशटॅग वाचताक्षणी मागणी कळली पाहिजे.

चौथं काम नुसता शेरा मारण्याचं. संध्याकाळी सातला कोंडीत अडकलेल्या बसमधून फोटो आणि खाली #अजूनकापूरबावडीलाच. हा कुणी शोधत नाही, तो वाचून हसायचं असतं. त्याला पुढच्या पायऱ्यांची गरज नाही. फक्त हा शेरा गंभीर हॅशटॅगच्या शेजारी लावू नका. मागणीच्या पोस्टखाली विनोदी शेपूट लागलं की स्क्रीनशॉट शेपटाचाच फिरतो.

पुढे उदाहरण म्हणून तिसरं, मागणीचं काम घेऊ. घोडबंदर रोडवरच्या काही सोसायट्यांना बसफेऱ्या वाढवून हव्या आहेत, आणि त्यांच्या मनात पहिला शब्द आलाय #बसफेऱ्यावाढवा.

## पायरी २: अक्षरं तपासा

ही सगळ्यात कंटाळवाणी पायरी आहे आणि सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. घाई करू नका.

### 'ऱ्या'चे तीन अवतार

'फेऱ्या' मधलं अर्धं 'र' टाइप करायच्या दोन रीती प्रचलित आहेत. काही कीबोर्ड नुक्तावाला (खाली टिंब असलेला) 'ऱ', त्याखाली हलन्त (पाय मोडणारं चिन्ह) आणि मग 'या' देतात. काही साधा 'र', हलन्त, एक अदृश्य जोडचिन्ह आणि मग 'या' देतात. स्क्रीनवर दोन्ही अगदी सारखेच दिसतात. अक्षरांच्या हिशेबात मात्र ते दोन वेगळे शब्द आहेत. तिसरा अवतार चुकीचा, पण सर्रास दिसणारा: रफार आलेला 'फेर्या'. म्हणजे तीन सोसायट्यांनी तीन फोनवरून एकच घोषणा लिहिली तरी ती तीन खणांत विभागली जाऊ शकते. शिवाय काही छोट्या संकेतस्थळांवर त्या अदृश्य चिन्हापाशीच हॅशटॅग तुटतो.

यावर सरळ उपाय म्हणजे हॅशटॅगसाठी 'ऱ्या', 'ऱ्ह' असलेला शब्दच निवडू नका. पायऱ्या, वाऱ्या, किनाऱ्यावर, कचऱ्याचा हे सगळे शब्द मजकुरात खुशाल येऊ द्या, हॅशटॅगमध्ये नकोत. आपल्या उदाहरणात #बसफेऱ्यावाढवा इथेच बाद झाला. त्याऐवजी #घोडबंदरलाबसहवी. अर्थ तोच, टाइप करायला सोपा, आणि जागेचं नावही आत आलं.

### 'ॲ'चे तीन अवतार

'ॲप' हा शब्द तीन प्रकारे लिहिला जातो: एकसंध 'ॲ' घेऊन, 'अ' वर चंद्र ठेवून, आणि हिंदी कीबोर्डवर मिळणाऱ्या 'ऍ' ने. पहिले दोन डोळ्यांना ओळखू येत नाहीत. ॲप, ॲकॅडमी, ॲथलेटिक्स असलं काही हॅशटॅगच्या सुरुवातीला आलं तर दुसरा शब्द शोधा. क्लासच्या नावातच 'ॲकॅडमी' असेल तर हॅशटॅगमधून ते गाळा आणि उरलेलं नाव वापरा.

### विसर्ग आणि कोलन

वरच्या शिबिराचं हेच झालं. निःशुल्क, दुःख, अंतःकरण, पुनःप्रक्षेपण. विसर्ग हे अक्षराचं चिन्ह आहे, ते चालतं. कोलन हे विरामचिन्ह आहे, तिथे हॅशटॅग संपतो. शिबिराला 'मोफत' म्हटलं तर प्रश्नच मिटतो.

### टिंब, आडवी रेघ, जागा

टिंब, स्वल्पविराम, आडवी रेघ, तिरपी रेघ, अवतरणचिन्ह आणि रिकामी जागा यांपैकी काहीही आलं की हॅशटॅग तिथे थांबतो. #ठाणे-बेलापूररस्ता लिहिलं तर उरतो नुसता '#ठाणे', आणि पोस्ट अख्ख्या शहराच्या ढिगात जाते. #सी.बी.डी.बेलापूर चं होतं '#सी'. सीबीडी असं सलग लिहा. चालणारं जोडचिन्ह एकच: अक्षरांच्या तळाशी येणारी खालची रेघ, म्हणजे अंडरस्कोर.

### आकडे

#पाडवा२०२६ मराठी अंकांत आणि इंग्रजी अंकांत लिहिला तर दोन हॅशटॅग होतात. मंडळाने एक ठरवावा आणि मूळ नोंदीत लिहून टाकावा. नुसत्या आकड्यांचा हॅशटॅग बहुतेक ठिकाणी लागतच नाही, त्यात निदान एक तरी अक्षर लागतं.

### ऱ्हस्व-दीर्घ

'#नविमुंबई' हा खण चुकीच्या वेलांटीमुळेच भरलेला आहे. सीवूड्स, सीवुड्स, सीवूड. कोपरखैरणे, कोपरखैराणे. पोलीस, पोलिस. शुद्ध काय याचा वाद इथे घालू नका. ज्या रूपाने लोक शोधतात ते एक रूप निवडा.

इथे थांबून तपासा. मूळ नोंदीतला हॅशटॅग कॉपी करा, कुठल्याही खात्यावर पोस्ट लिहायच्या चौकटीत चिकटवा, पुढे एक जागा सोडा. निळा रंग शेवटच्या मात्रेपर्यंत गेला का? 'हवी' च्या वेलांटीपर्यंत गेला तर ठीक. आधीच थांबला तर जिथे थांबला त्याच्या लगेच पुढचं अक्षर गुन्हेगार आहे. पोस्ट न टाकताही हे दिसतं.

मंडळाचं स्वतःचं संकेतस्थळ असेल तर तिथेही हेच करून बघा. मोठ्या समाजमाध्यमांवर देवनागरी नीट चालते, पण हौसेने बनवलेल्या संकेतस्थळांवर '#ठाणे' चा '#ठ' झालेला दिसतो. 'ठाणे' या शब्दात यंत्राच्या लेखी चार घटक आहेत: ठ, काना, ण, मात्रा. ज्याने शोधाचा नियम इंग्रजी डोळ्यासमोर ठेवून लिहिला, त्याच्या नियमात काना म्हणजे अक्षर नव्हे. मग पहिल्या काना-वेलांटीपाशीच सगळं संपतं. ही चूक तुमच्या टायपिंगची नाही. संकेतस्थळ बनवणाऱ्याला सांगा की स्वरचिन्हंही अक्षरांत धरायला हवीत.

## पायरी ३: शब्द जोडा, पण मोठ्याने वाचून

इंग्रजीत शब्दाचं पहिलं अक्षर मोठं करून जोड दाखवता येते. देवनागरीत मोठं-लहान अक्षर नाही, त्यामुळे शब्द एकमेकांत मिसळतात, आणि कधीकधी भलतेच शब्द तयार होतात.

#नवीमुंबईकरमाफी घ्या. लिहिणाऱ्याच्या मनात मालमत्ता कर आहे: नवी मुंबई, कर माफी. वाचणाऱ्याला दिसतं: नवी मुंबईकर, माफी! जणू अख्खं शहर कुणाचीतरी क्षमा मागतंय. #ठाणेकरभरा चंही तसंच: कर भरायचाय की ठाणेकरांनी काही भरायचंय? आपल्याकडे गावाला 'कर' लागला की माणूस तयार होतो, त्यामुळे शहराच्या नावानंतर 'कर' हा शब्द कधीही जोडू नका. #नवीमुंबई_करमाफी लिहा, किंवा सरळ #मालमत्ताकरमाफी.

तयार हॅशटॅग अशा माणसाला दाखवा ज्याला विषय माहीत नाही, आणि मोठ्याने वाचायला सांगा. अडखळला तर अंडरस्कोर घाला. ज्यांना डोळ्यांनी दिसत नाही ती माणसं फोनकडून मजकूर वाचून घेतात, त्यांनाही अंडरस्कोरने शब्द वेगळे ऐकू येतात. मात्र #घोडबंदरला_बस_हवी आणि #घोडबंदरलाबसहवी हे दोन वेगळे खण आहेत. दोन्ही फिरू देऊ नका. चार शब्दांपेक्षा जास्त जोडावे लागत असतील तर तो हॅशटॅग नसून वाक्य आहे, ते मजकुरात टाका.

### प्रत्ययाचा सापळा

'आज #ठाण्यात जोरदार पाऊस.' वाक्य म्हणून सुरेख. पण पोस्ट गेली '#ठाण्यात' या खणात, '#ठाणे' त नाही. मराठीत नाव वाक्यात आलं की त्याचं सामान्यरूप होतं, प्रत्यय लागतो, आणि हॅशटॅग बदलतो: ठाण्यात, ठाण्याच्या, ठाण्याहून, नवी मुंबईत, पनवेलला. प्रत्येक रूप स्वतंत्र खण. त्याउलट व्याकरण मोडून 'आज #ठाणे मध्ये पाऊस' लिहिणारेही आहेत, ते कानाला खटकतं.

वाक्य नेहमीसारखं, बिनहॅशटॅगचं लिहा. नावं मूळ रूपात मजकूर संपल्यावर वेगळ्या ओळीत द्या. मोहिमेच्या नावातच 'घोडबंदरला' असा प्रत्यय असेल तर अडचण नाही, कारण ते रूप ठरलेलं आहे आणि कुणी बदलणार नाही.

सावधान: मराठी कीबोर्डवर सुचवलेला शब्द निवडला की पुढे आपोआप एक जागा पडते. '#घोडबंदरला बसहवी' असं होतं आणि निम्मा हॅशटॅग गळतो. शब्द आधी सुटे लिहा, मग मधल्या जागा एकेक करून खोडा.

## पायरी ४: खण आधी उघडून बघा

ठरवलेला हॅशटॅग वापरण्याआधी प्रत्येक माध्यमावर शोधा. मराठीत आणि रोमन लिपीत, दोन्हीकडे. आधी कोण बसलंय ते कळतं.

रोमन लिपीत उरण शोधून बघा. जर्मनमध्ये त्याच स्पेलिंगचा शब्द युरेनियमसाठी आहे आणि पोलिशमध्ये युरेनस ग्रहासाठीही. तुमचा मोरा बंदराचा सूर्यास्त तिथे अणुभट्ट्यांच्या शेजारी बसेल. नेरुळ गोव्यातही आहे, बेलापूर श्रीरामपूर तालुक्यातही. रोमन लिपीतला ठाणे हा शब्द जुन्या स्कॉटिश सरदारांच्या पदवीशी जुळतो, आणि मराठीत ठाणे म्हणजे शहर, जिल्हा आणि पोलीस ठाणंही. म्हणून एकट्या गावाच्या नावावर भिस्त ठेवू नका. जोडीला विषय घ्या: ठाणेखवय्ये, नेरुळफ्लेमिंगो, उरणमासळी.

खणात पाहायच्या गोष्टी: शेवटची पोस्ट किती जुनी आहे, पोस्टी तुमच्याच विषयाच्या आहेत का, आणि एखादा पक्ष, ब्रँड किंवा चाहत्यांचा गट तो आधीच चालवतोय का. इन्स्टाग्राम काही हॅशटॅगवरच्या पोस्टी दाखवणं थांबवतं, निरुपद्रवी वाटणाऱ्या शब्दांवरही. खणात पोस्टी असून दिसत नसतील तर तो सोडा.

आणि एक ठाम सूचना. लोकलचा अपघात, इमारत कोसळणं, पूर अशा वेळी वर आलेल्या हॅशटॅगखाली आपल्या फराळाची किंवा फ्लॅटची जाहिरात टाकू नका. लोक तिथे आपली माणसं शोधत असतात.

## पायरी ५: किती, कुठे, कसे

ही पायरी थोडक्यात आटपते, कारण इथे गूढ काही नाही.

इन्स्टाग्रामवर वर्षानुवर्षं ३० पर्यंत हॅशटॅग चालत असत, आणि त्यातून तीसच्या तीस भरायची सवय लागली. खुद्द इन्स्टाग्रामने २०२१ मध्ये ३ ते ५ पुरे असं सांगितलं होतं. तेवढेच घ्या: एक जागेचा, एक-दोन विषयाचे, एक स्वतःचा. हॅशटॅग फॉलो करायची सोय तिथे २०२४ च्या शेवटी बंद झाली. 'आमचा हॅशटॅग फॉलो करा' असं आजही लिहिणाऱ्यांनी ते 'आमचा हॅशटॅग शोधा' असं बदलावं.

एक्सवर (पूर्वीचं ट्विटर) एक, फार तर दोन. यूट्यूबवर वर्णनातले पहिले तीन व्हिडिओच्या शीर्षकाजवळ दिसतात, म्हणून महत्त्वाचे आधी. तिथे ६० च्या वर गेलात तर यूट्यूब सगळेच दुर्लक्षित करतं. फेसबुकवर एक-दोन.

व्हॉट्सॲपवरच्या निरोपात हॅशटॅगचा दुवा होत नाही. तरी सोसायटीच्या ग्रुपमध्ये #पाणी, #पार्किंग, #लिफ्ट असे तीन-चार ठरलेले शब्द प्रत्येक निरोपाच्या सुरुवातीला लिहायची शिस्त लावली, तर चार महिन्यांनी ग्रुपमध्ये शोधताना ते कामाला येतात. टेलिग्रामवर मात्र दुवा होतो, दाबला की सगळे निरोप समोर.

प्रत्येक हॅशटॅगच्या आधी एक जागा सोडा. 'पाऊस#ठाणे' असं चिकटवलं तर काही ठिकाणी चालतं, काही ठिकाणी नाही.

### पैसे किंवा भेटवस्तू घेतली असेल तर

हॉटेलने फुकट जेवण देऊन रील करून घेतली असेल, तर ती जाहिरात आहे आणि तसं लिहावं लागतं. जाहिरात मानक परिषदेच्या २०२१ च्या नियमांनुसार ही सूचना ठळक हवी, हॅशटॅगच्या गर्दीत लपवलेली चालत नाही. 'जाहिरात' हा शब्द मजकुराच्या पहिल्या ओळीत लिहा. #ठाणेखवय्ये #वडापाव #मिसळ #जाहिरात #तलावपाळी अशी लपवाछपवी हीच ती चूक.

## पायरी ६: मोहीम चालवताना

सगळ्यात मोठा गैरसमज आधी काढू. हॅशटॅग लावला म्हणून कुणालाही निरोप जात नाही. परिवहन सेवेचं किंवा महापालिकेचं नाव # लावून लिहिलं तर तो नुसता शब्द आहे, त्यांच्या फोनवर काही वाजत नाही. निरोप पोचवायला @ लावून त्यांच्या अधिकृत खात्याचा उल्लेख करावा लागतो. खातं अधिकृत आहे का ते संस्थेच्या संकेतस्थळावरून पडताळा, कारण मिळतीजुळती नावं घेतलेली खाती बरीच असतात. आणि तक्रार रीतसर नोंदवून मिळालेला क्रमांक पोस्टमध्ये द्या. त्या क्रमांकाला जेवढं वजन आहे तेवढं हॅशटॅगला नाही.

हॅशटॅग वर येणं, म्हणजे ट्रेंड होणं, एकूण संख्येवर ठरत नाही. अचानक किती वाढ झाली हे मोजलं जातं. रोज थोड्या थोड्या पोस्टी महिनाभर टाकल्या तर काहीच हलत नाही. त्याच पोस्टी एका ठरलेल्या तासात पडल्या तर शक्यता असते. शिवाय ट्रेंडची यादी ज्याच्या त्याच्या आवडीनुसार आणि जागेनुसार बदलते. तुमच्या फोनवर दिसला म्हणजे सगळ्यांना दिसला असं नाही. बाहेरच्या दुसऱ्या खात्यावरून बघा.

क्रम असा ठेवा:

१. सात दिवस आधी मूळ नोंदीतला हॅशटॅग सगळ्या ग्रुपांवर पाठवा, सोबत 'टाइप करू नका, कॉपी करा' ही सूचना. आधीच पोस्ट करू नका म्हणून वेगळं बजावा, नाहीतर उत्साही मंडळी आठवडाभर वाफ सोडून देतात.

२. तीन दिवस आधी वापरण्याजोगी माहिती द्या: कुठल्या थांब्यावर किती वेळ वाट पाहिली, किती वाजता, कुठला मार्ग, तारीख. पाच-सहा ओळी पुरे.

३. तयार पोस्ट मात्र देऊ नका. शब्दशः तीच पोस्ट शंभर खात्यांवरून आली की एक्स ती नक्कल धरतं आणि कमी लोकांना दाखवतं. माहिती एक, वाक्यं ज्याची त्याची. थांब्यावरच्या रांगेचा स्वतः काढलेला फोटो सगळ्यात उत्तम.

४. ठरलेल्या दिवशी एकच तास. समजा शनिवारी रात्री ८ ते ९. पहिल्या दहा मिनिटांत दोघांनी खण उघडून बसायचं आणि चुकीचं स्पेलिंग दिसलं की त्या व्यक्तीला लगेच कळवायचं. एक्सवर फुकटच्या खात्यातून पोस्ट दुरुस्त करता येत नाही, खोडून नवी टाकावी लागते. इन्स्टाग्रामवर मजकूर नंतरही बदलता येतो.

सावधान: हॅशटॅगवर कुणाची मालकी नसते. वर आला की त्यात कर्जाच्या जाहिराती, शिव्या, दुसऱ्याच वादाच्या पोस्टी घुसतात. त्यांना उत्तर देत बसू नका, उत्तरांनी तेच आणखी वर येतात. मोहिमेच्या खात्यावर मागणी स्पष्ट लिहिलेली एक पोस्ट वर टाचून ठेवा आणि बाहेर फिरवताना तिचाच दुवा द्या.

आणखी एक, हे मोहिमेशिवायही लागू आहे. सोसायटीच्या नावाचा हॅशटॅग आणि 'सहकुटुंब कोकणात, चार दिवस' हे एकाच पोस्टमध्ये नको. लहान मुलांच्या फोटोखाली शाळेच्या नावाचा हॅशटॅग नको. सहलीचे फोटो परत आल्यावर टाका.

## पायरी ७: फ्लेक्सवर छापताना

पाडव्याच्या स्वागतयात्रेत, गणपतीत, सोसायटीच्या गेटवर हॅशटॅग छापला जातो आणि तिथे तो नव्याने मोडतो. फ्लेक्स बनवणाऱ्यांकडे अजूनही जुने, युनिकोड (सगळ्या फोनांत चालणारी अक्षरांची एकसमान पद्धत) नसलेले फॉन्ट वापरात आहेत. तुम्ही व्हॉट्सॲपवर पाठवलेला हॅशटॅग तिथे जसाच्या तसा चिकटत नाही, चौकोन किंवा भलतीच अक्षरं येतात. मग ऑपरेटर तो पुन्हा हाताने टाइप करतो, आणि आपण दुसऱ्या पायरीवर केलेली सगळी मेहनत वाया जाते.

प्रूफ आलं की हे बघा: # आणि पहिल्या अक्षरात जागा सोडली आहे का, जागा पुरली नाही म्हणून हॅशटॅग दोन ओळींत तोडून मधे आडवी रेघ टाकली आहे का, अंडरस्कोर अक्षरांच्या खालच्या उकारात किंवा सजावटीच्या रेघेत हरवली आहे का. शेवटची तपासणी मूळ नोंद शेजारी धरून, अक्षराला अक्षर लावून.

रस्त्यावरून जाणारा माणूस फ्लेक्स कॉपी करू शकत नाही, त्याला टाइपच करावं लागतं. म्हणून छापायचा हॅशटॅग पंधरा अक्षरांच्या आतला, जोडाक्षरं कमीत कमी. शेजारी क्यूआर कोड द्यायचा असेल तर एक खोच लक्षात ठेवा: दुव्यात # हे चिन्ह तसंच ठेवलं तर त्याच्यापुढचा भाग शोधापर्यंत पोचत नाही. दुव्यात # च्या जागी %२३ लागतं, आणि त्यातले अंक इंग्रजीच हवेत. माध्यमावर हॅशटॅग दाबून उघडलेल्या पानाचा पत्ता कॉपी केला तर हे आपोआप बरोबर येतं. कोड छपाईला देण्याआधी तिघांनी तीन फोनवर उघडून बघावा.

## पायरी ८: नंतरची आवराआवर

दुसऱ्या दिवशी खण उघडा आणि मूळ हॅशटॅगसोबत त्याची चुकलेली रूपंही शोधा: अंडरस्कोरवाला, वेलांटी चुकलेला, प्रत्यय लागलेला. तिथे सापडलेल्या चांगल्या पोस्टींखाली बरोबर हॅशटॅग देऊन आभार माना. बहुतेक जण स्वतःहून दुरुस्त करतात.

कामाच्या पोस्टींचे स्क्रीनशॉट तारीख, वेळ आणि खात्याचं नाव दिसेल असे काढा आणि दुव्यासह एका फोल्डरमध्ये ठेवा. पोस्टी लोक खोडतात, खाती बंद होतात, आणि खण हा काही संग्रह नव्हे. निवेदन द्यायला जाल तेव्हा हॅशटॅगचा आकडा सांगण्यापेक्षा याच फोल्डरमधले थांबे, वेळा आणि तक्रार क्रमांक एका कागदावर छापून न्या, आणि त्याच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या.